गुडघा टेकण्याचा आदेश देता येतो का?

धागाकर्ता:
टी-ट्वेंटी विश्वचषकात २६ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत वेस्ट इंडीजविरुद्धचा सामना सुरू होण्याच्या काही तास आधी दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट मंडळाने सर्व खेळाडूंना वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकण्याचा आदेश दिला आणि त्या संघातील गोरा खेळाडू क्विंटन डी कॉक याने त्या सामन्यातून माघार घेतली. तोपर्यंत गुडघा टेकावा, मूठ उगारावी की ताठ उभे राहावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. मंडळाची ही कृती मला चुकीची वाटते. २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निक कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघ्यावर बसू लागला, तेव्हा त्याला तसा हुकूम कोणी दिला नव्हता. पुढच्या वर्षापासून एकाही संघाने त्याला करारबद्ध केले नाही. ती किंमत त्याने मोजली, म्हणून त्या कृतीला वजन आहे. हुकमाने टेकलेला गुडघा ही निव्वळ कवायत होय.

प्रतिसाद १:
आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत तोलत आहात. कॅपर्निक एकटा व्यवस्थेविरुद्ध उभा होता, तर डी कॉकच्या अंगावर ज्या देशाची जर्सी होती, तो देश वर्णभेदी धोरणामुळे १९७० पर्यंत फक्त इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्याशीच कसोटी खेळला, मग १९९१ पर्यंत बहिष्कृत राहिला, आणि माखाया एन्टिनी हा त्याचा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी कसोटीपटू १९९८ मध्ये मैदानात उतरला. अशा संघातील गोऱ्या खेळाडूचे ताठ उभे राहणे शेजारी गुडघा टेकलेल्या सहकाऱ्याला काय सांगते? त्या दिवशी माघारीबद्दल पत्रकारांना उत्तरे द्यावी लागली ती टेंबा बवुमाला, म्हणजे त्या संघाच्या पहिल्या कृष्णवर्णीय आफ्रिकी कर्णधाराला.

प्रतिसाद २:
वरील मताशी मी सहमत आहे. १९२० मध्ये मुंबईच्या, धर्म-वंशानुसार संघ असलेल्या चौरंगी क्रिकेट स्पर्धेत पळवणकर बंधूंना जातीमुळे कर्णधारपद नाकारले गेले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी हिंदू संघातून माघार घेतली होती. विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ मध्ये. ज्याने अन्याय सोसला त्यानेच निषेधाचाही भार वाहावा, ही अपेक्षा आपल्याला नवी नाही.

प्रतिसाद ३:
मी धागाकर्त्यांच्या बाजूचा आहे. त्याच स्पर्धेत २४ ऑक्टोबरला पाकिस्तानविरुद्ध भारतीय खेळाडूंनीही गुडघा टेकला आणि तो निर्णय व्यवस्थापनाकडून कळवला गेल्याचे विराट कोहलीने सांगितले. ज्या कृतीचे कारण खेळाडूने स्वतः मांडलेले नाही, तिच्यातून प्रेक्षकाने नेमके काय घ्यायचे?

धागाकर्ता:
बवुमाबद्दलचा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो मी आधी विचारात घ्यायला हवा होता. तरीही सामन्याच्या दिवशी सकाळी आदेश काढणाऱ्या मंडळाला मी दोषमुक्त मानत नाही, कारण संघाशी बसून बोलायला त्यांच्याकडे कित्येक महिने होते. डी कॉकने २८ तारखेला माफी मागितली, आपली सावत्र आई कृष्णवर्णीय असल्याचे सांगितले, आपला हक्क हिरावला गेल्यासारखे वाटले हेही सांगितले, आणि श्रीलंकेविरुद्धच्या पुढच्या सामन्यात गुडघा टेकला. हा माणूस द्वेष्टा नव्हता. त्याला विश्वासात घेता आले असते.

प्रतिसाद १:
तो द्वेष्टा होता, असे मीही म्हणत नाही. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये, निवडीचे पूर्ण स्वातंत्र्य असताना, वेस्ट इंडीजमध्ये पत्रकारांनी त्याला गुडघा न टेकण्याचे कारण विचारले होते, आणि ते त्याने स्वतःपाशीच ठेवले. आपल्या घराबद्दल तो मोकळेपणाने बोलला, तो आदेश निघाल्यानंतर.