पीएम-किसानचे हप्ते परत करायचे आहेत: जमीन बायकोच्या नावावर, इन्कम टॅक्स नवऱ्याचा

अंबड_जॉबवर्क
नमस्कार मंडळी. दिंडोरी तालुक्यात बायकोच्या नावावर ८० आर जमीन आहे. तिला २०१९ पासून पीएम-किसानचे हप्ते येतात, विसाव्यापर्यंत सगळे जमा झालेत. शिवाय राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे येतात ते वेगळे. माझं नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशनचं जॉबवर्क आहे, रिटर्न ४४एडीखाली (उलाढालीवर अंदाजे नफा धरायचं कलम) जातं. आकारणी वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) २०२२-२३ पर्यंत कर शून्य. २०२३-२४ ला करपात्र उत्पन्न ५,६०,००० निघालं आणि २५,४८० रुपये कर भरला. २०२४-२५ ला नवीन पद्धतीत ६,७०,००० उत्पन्न, कर शून्य, पार्ट्यांनी कापलेला टीडीएस सगळा परत आला.

आता तालुका कृषी कार्यालयातून तोंडी निरोप आहे की घरात आयकरदाता असल्यामुळे पैसे परत करावे लागतील. करायचेच आहेत. पण किती हप्ते? भरायचे कुठे? नमोचं काय? आणि योजनेतून नाव काढून टाकावं का? सीएससीवाला (गावातलं ऑनलाइन सेवा केंद्र) म्हणतो २०१९ पासूनचे २० हप्ते, ४०,००० रुपये रोख द्या, मी भरून टाकतो.

करसल्ला_नाशिकरोड
आधी एक: रोख कुणाच्याही हातात देऊ नका. हे पैसे केंद्र सरकारच्या खात्यात भारतकोष या सरकारी भरणा पोर्टलमार्फत ऑनलाइन जातात आणि पावती लगेच निघते. मध्ये माणूस लागतच नाही.

आता किती. बरेच जण समजतात की धंदा आहे म्हणजे अपात्र. तसं नाही. उद्यम नोंदणी, जीएसटी नंबर, गाळा, यातलं काहीच पीएम-किसानच्या अपात्रतेच्या यादीत नाही. व्यावसायिक म्हणून वगळलेत ते डॉक्टर, इंजिनिअर, वकील, सीए, आर्किटेक्ट असे, तेही संस्थेकडे नोंदणी असलेले आणि प्रॅक्टिस करणारे. फॅब्रिकेशनवाला त्यात बसत नाही. तुम्हाला लागू होतो तो आयकराचा निकष: मागच्या आकारणी वर्षात आयकर भरलेला असणं. हा निकष कुटुंबाला लागतो, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली मुलं. जमीन वहिनींची असली तरी तुमचा कर मोजला जातो. कमावत्या सज्ञान मुलाचा मोजला जात नाही.

नुसतं रिटर्न भरणं म्हणजे कर भरणं नव्हे. ८७ए ची सूट (ठराविक मर्यादेपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर माफ करणारं कलम) मिळून कर शून्य झाला आणि टीडीएस पूर्ण परत आला, तर त्या वर्षी तुम्ही करदाते नाही. २०२४-२५ ला नवीन पद्धतीत ७ लाखांपर्यंत सूट होती, म्हणून तुमचा कर शून्य. २०२३-२४ ला मर्यादा ५ लाख होती, ती ओलांडली. १२,५०० अधिक वरच्या ६०,००० वर २० टक्के म्हणजे २४,५००, त्यावर ४ टक्के उपकर, बरोबर २५,४८०.

म्हणजे अडचणीचं वर्ष एकच. आकारणी वर्ष २०२३-२४ हे 'मागचं आकारणी वर्ष' ठरतं ते एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या काळासाठी. त्या काळाचे हप्ते तीन: सतरावा, अठरावा, एकोणिसावा. ६,००० रुपये. नियमाच्या शब्दांप्रमाणे माझा हिशोब इतकाच होतो. ४०,००० कुठून आले ते सीएससीवाल्यालाच विचारा.

दिंडोरी_सातबारा
वरचा हिशोब पटला, पण पैसे भरण्याआधी कार्यालयाकडून यादी लेखी घ्या. त्यात तीन गोष्टी बघायच्या: कुणाच्या पॅनवरून नाव आलं, कोणतं आकारणी वर्ष धरलं आणि कोणत्या क्रमांकाचे हप्ते मागितलेत. एकदा करदाता दिसला की मागचे-पुढचे सगळे हप्ते एकत्र मागितले जातात, असं होतं. त्याला उत्तर म्हणून २०२२-२३ आणि २०२४-२५ ची १४३(१) ची इंटिमेशन (रिटर्न तपासून आयकर विभाग पाठवतो ते पत्र) लावा. इंटिमेशनवर करदायित्व शून्य स्पष्ट छापलेलं असतं. रिटर्नची पोचपावती एकटी पुरत नाही, कारण तिच्यावर दिसतो तो तुम्ही सांगितलेला आकडा, आणि कार्यालयाला हवा असतो आयकर विभागाने तपासलेला.

भरण्याची पद्धत:
पीएम-किसानच्या साइटवर फार्मर्स कॉर्नरमध्ये आधी 'नो युवर स्टेटस' उघडा. वहिनींचा नोंदणी क्रमांक आणि मोबाइलवरचा ओटीपी टाकला की हप्ता कधी आणि कोणत्या बँकेत गेला ते दिसतं. हे पासबुकाशी ताडून बघाच. पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. फॉर्मवर जिल्हा बँकेचं खातं लिहिलेलं असतं आणि हप्ता भलत्याच बँकेत जाऊन बसलेला असतो. जमाच न झालेला हप्ता परत करायचा नाही.

मग 'रिफंड ऑनलाइन'. तिथे दोन पर्याय येतात: आधीच राज्याकडे पैसे भरलेत त्यांच्यासाठी एक, आणि आता ऑनलाइन भरायचे आहेत त्यांच्यासाठी दुसरा. पहिला आहे तो २०२०-२१ मध्ये ज्यांनी तहसीलच्या नोटिशीवरून पैसे भरले त्यांच्या कामाचा. तुम्ही दुसरा घ्या. आधार क्रमांक वहिनींचा टाका, तुमचा टाकाल तर रेकॉर्ड सापडणार नाही. हप्त्यांची यादी आली की फक्त ठरलेल्या तीनवर टिक करा. सगळ्यांवर टिक करून पुढे गेलात आणि पैसे गेले, की जास्तीचे परत मागणं फार जिकिरीचं. मोबाइल आणि ईमेल टाकल्यावर पान भारतकोषवर जातं. नेट बँकिंगने भरा, आणि शक्यतो वहिनींच्याच खात्यातून, म्हणजे नंतर नावांचा घोळ होत नाही.

अंबड_जॉबवर्क
दोघांचेही आभार. रिफंड ऑनलाइनला आधार टाकून बघितलं. परतीची कुठलीच रक्कम नाही असा इंग्रजी मेसेज येतो. मग भरायचंच नाही का?

दिंडोरी_सातबारा
भरायचंय. त्या मेसेजचा अर्थ एवढाच की पोर्टलवर तुमच्या नावापुढे अजून वसुली लागलेली नाही. तालुक्याच्या यादीत नाव असतं आणि पोर्टलवर चढलेलं नसतं, त्या मधल्या काळात हे दिसतं. 'मेसेज आला म्हणजे सुटलो' असं धरू नका. नोंदणी करताना वहिनींनी स्वयंघोषणा दिलेली आहे आणि चुकीच्या घोषणेवर वसुली होते, शिवाय कायदेशीर कारवाईची तरतूद आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या: नोंदणी क्रमांक, गाव, गट नंबर, कोणत्या आकारणी वर्षात किती कर भरला, म्हणून १७, १८, १९ हे हप्ते परत करायचे आहेत, पोर्टलवर रक्कम दिसत नाही, ती उघडून द्यावी. दोन प्रती न्या, एकीवर आवक क्रमांक आणि तारखेसह शिक्का घ्या. मागणी उशिरा आली तरी आपण होऊन आलो होतो, याचा तोच पुरावा.

नमो_प्रश्न
नमो शेतकरी राहून गेलं. हे पैसे राज्याचे, म्हणून ते भारतकोषात भरू नका. तिथे भरलेत तर राज्याच्या हिशोबात ते दिसणार नाहीत आणि वसुली तशीच उभी राहील. नमोचे लाभार्थी पीएम-किसानच्या यादीवरूनच ठरतात, त्यामुळे ज्या काळात केंद्राचा हप्ता बेकायदा ठरला त्या काळाचा राज्याचा हप्ताही परत करावा लागतो. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ चे नमोचे हप्ते म्हणजे चौथा, पाचवा, सहावा. आणखी ६,०००. एकूण १२,००० धरून चला. त्याच अर्जात दुसरा मुद्दा लिहा की नमोचे तीन हप्ते परत करायचे आहेत, भरणा कोणत्या खात्यात करायचा ते लेखी कळवावं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या क्यूआर कोडवर किंवा कुणाच्या यूपीआयवर काही पाठवू नका. पीएम-किसानच्या नावाने एपीके फाइल (मोबाइलमध्ये अॅप बसवणाऱ्या) फिरतायत, त्या उघडून बसवल्या की खातं रिकामं होऊ शकतं. शंका असेल तर १५५२६१ ही हेल्पलाइन आहे.

करसल्ला_नाशिकरोड
नमोबद्दल सहमत. पासबुकावरून मोजताना घोळ होतो, म्हणून तारखा देतो. सतरावा हप्ता १८ जून २०२४ ला सुटला, अठरावा ५ ऑक्टोबर २०२४ ला (वाशिमचा कार्यक्रम), एकोणिसावा २४ फेब्रुवारी २०२५ ला. विसावा २ ऑगस्ट २०२५ ला आला, पण तो एप्रिल ते जुलै २०२५ चा. त्याच्यासाठी मागचं आकारणी वर्ष २०२४-२५, ज्यात तुमचा कर शून्य. तो परत करायचा नाही. नमोची रक्कम बहुतेक वेळा मागाहून येते, म्हणून तिथे जमा झाल्याची तारीख न बघता हप्त्याचा क्रमांक बघा.

नाव काढण्याचं: 'व्हॉलंटरी सरेंडर' (आपण होऊन लाभ सोडणं) दाबू नका. त्याने घेतलेले पैसे परत होत नाहीत, फक्त पुढचे थांबतात, आणि एकदा सरेंडर केलं की पुन्हा नाव सुरू करणं जिकिरीचं. तुमच्यासारख्या धंद्यात एका वर्षी कर लागतो, दुसऱ्या वर्षी नाही. आकारणी वर्ष २०२६-२७ पासून नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत सूट आहे, म्हणजे पुढे कर लागण्याची शक्यता आणखी कमी. मात्र ही सूट नेहमीच्या दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला आहे. प्लॉट विकून दीर्घ मुदतीचा भांडवली नफा झाला तर त्यावरचा कर वेगळा लागतो आणि त्या वर्षी पुन्हा करदाते होऊ शकता. असं वर्ष आलं तर रिटर्न भरल्याबरोबर कृषी कार्यालयाला लेखी कळवा आणि पुढच्या एप्रिलपासूनचे हप्ते थांबवायला सांगा.

दिंडोरी_सातबारा
एक राहिलं. भारतकोषवर खात्यातून पैसे गेले आणि स्क्रीन अडकली तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. 'ट्रॅक युवर पेमेंट'मध्ये ट्रान्झॅक्शन क्रमांक टाकून स्थिती बघा. यशस्वी दिसलं की पावती तिथूनच उतरवून घ्या. अयशस्वी दिसलं तर बँकेकडून रक्कम परत येण्याची वाट बघा, मगच पुन्हा भरा. पावतीची एक प्रत, पासबुकातलं ते पान आणि शिक्क्याचा अर्ज असे तिन्ही कागद एकत्र लावून कार्यालयात द्या आणि महिन्याभराने 'नो युवर स्टेटस'ला नोंद बदलली का ते बघा. नसेल बदलली तर त्याच आवक क्रमांकाचा संदर्भ देऊन स्मरणपत्र द्या, नवा अर्ज करू नका, नाहीतर फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.