मदत हवी आहे: नव्या गॅरेजसाठी जर्मन-जपानी पाने घ्यावेत का? (सांगली)

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

धाकटा भाऊ विश्रामबागला चारचाकीचं गॅरेज काढतोय. गाळा ठरला, लिफ्टची ऑर्डर गेली, घोडं अडलंय ते पान्यांवर.

भाऊ पुण्यात एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला बरीच वर्षं होता. तिथं सगळी हत्यारं इम्पोर्टेड, त्यामुळे हाताला तीच सवय. त्यानं यादी केलीय: जर्मन स्टालविलेचा कॉम्बिनेशन पान्यांचा सेट (एका टोकाला उघडं तोंड, दुसऱ्याला रिंग), जपानी केटीसीच्या गोट्या (नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट) आणि त्या फिरवायचा दात्यांचा रॅचेट, जर्मन निपेक्सच्या दोन पकडी, जर्मन वेराचे स्क्रू ड्रायव्हर, शिवाय एक टॉर्क रेंच, म्हणजे नट ठरावीक जोरानंच आवळायचा पाना. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरून कोटेशन आणलंय. चांगल्या देशी ब्रँडचा तसाच सगळा माल घेतला तर जो आकडा होतो, त्याच्या जवळजवळ सहापट. मधल्या फरकात गाडीच्या संगणकातले दोष वाचणारा स्कॅनर येतो आणि वर बरा कॉम्प्रेसरही. पैसे निम्मे माझे, निम्मे कर्जाचे. मी पतसंस्थेत नोकरीला, मला आकडे कळतात, पाने कळत नाहीत.

बाबा किर्लोस्करवाडीला फिटर होते. त्यांच्या लोखंडी पेटीत अजून जुने रिंग पाने आहेत, त्यावर ‘गेडोर इंडिया’ असा ठसा. त्यांनी यादी पाहिली आणि म्हणाले, “आम्ही एवढाले पंप ह्याच पान्यांनी खोलले-जोडले. आता गाड्या काय सोन्याच्या यायला लागल्यात का?” त्यावर भाऊ म्हणतो, बाबांच्या वेळी नटाभोवती हात घालायला जागा होती, आता बॉनेट उघडलं की बोट जात नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाटतात, म्हणून इथं आलो.

भावानं मला पटवायला एक प्रकार करून दाखवला. आमच्या जुन्या गाडीच्या सायलेन्सरचा गंजलेला नट होता. घरातल्या साध्या रिंग पान्यानं जोर लावला तर पाना सरकन फिरला आणि नटाचे कोपरे चकचकीत होऊन बसले. मग मित्राकडून आणलेली जपानी गोटी त्याच नटावर ठोकून बसवली, टॉमी (लांब दांडा) लावली, कट् आवाज झाला आणि नट सुटला. बघून मी गार. पण घरी आल्यावर शंका आली: रिंग पाना आतून बारा कोनी होता आणि गोटी सहा कोनी. मग करामत जपानची की सहा कोनांची?

तर विचारायचं हे, की सहापट पैशात नेमकं काय मिळतं? सगळा सेट इम्पोर्टेड घ्यावा, काही नग घ्यावेत, की काहीच नको? आणि ‘लाइफटाइम वॉरंटी’ म्हणतात तिचा सांगलीत बसून काही उपयोग होतो का? ज्यांनी स्वतः वापरलंय त्यांनी सांगावं. यूट्यूब बघून झालंय.

टॉमीबार

भावाला एक विचारा. पुण्यातले पाने कुणाचे होते? कंपनीचे. इथं हेल्पर पोरगं दहाची (दहा मिलिमीटरची) गोटी बंपरच्या आत टाकणार आणि “दादा, मी बगितलीच न्हाई” म्हणणार. दहाची गोटी हरवत नाही असं गॅरेज मी तरी पाहिलेलं नाही. केटीसीची सुटी गोटी सांगलीत कुठं मिळते ते आधी शोधा, मग सेट घ्या.

घाटरस्ता, सातारा

हायवेलगत माझं गॅरेज आहे. खंबाटकी चढून तापलेल्या गाड्या रोज येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची शंका रास्त आहे. तो नट सहा कोनांनी सुटला. बारा कोनी रिंग नटाला कोपऱ्यापाशी धरते, कोपरा गंजून झिजला असेल तर ती घसरणारच. सहा कोनी गोटी सपाट बाजूला जास्त धरते. त्यातही आतले कोपरे किंचित पोकळ ठेवून सगळा जोर सपाट बाजूवर घ्यायचा, ही युक्ती अमेरिकेच्या स्नॅप-ऑननं ‘फ्लँक ड्राइव्ह’ नावानं गाजवली. ती पेटंटं केव्हाच संपली. आज तैवानच्या मध्यम किमतीच्या गोट्यांत आणि आपल्याकडच्या काही चांगल्या गोट्यांतही तीच घडण असते. तेव्हा गंजलेल्या नटासाठी जपानपर्यंत जायची गरज नाही. सहा कोनी बघून घ्या, झालं.

पण भावाचं एक म्हणणं खरं आहे, जागा. महाग गोटीची भिंत पातळ असते आणि तरी ती फुटत नाही. आपल्याकडची तेवढी ताकद द्यायला जाड करावी लागते. अल्टरनेटरच्या खालचा बोल्ट किंवा टर्बोच्या मागचा नट, तिथं जाड गोटी बसतच नाही. मग आपण काय करतो? ग्राइंडरवर घासून पातळ करतो. माझ्याकडे अशा घासलेल्या गोट्यांचा डबा आहे. त्यातली एखादी ऐन जोरात चिरते आणि हात रेडिएटरवर आपटतो.

रॅचेटचंही तसंच. छत्तीस दात्यांच्या रॅचेटला पुढचा दाता पकडायला दहा अंश फिरावं लागतं, बहात्तर दात्यांच्याला पाचच. मोकळ्या जागेत फरक शून्य. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) चिकटून काम असेल तर दहा अंश फिरायला जागाच नसते, तिथं पाच अंशांवर काम होतं किंवा इंजिन माउंट सोडावं लागतं. रॅचेट एकच घ्या पण भारी घ्या. आणि पोरांना आत्ताच दम भरा, रॅचेटला पाइप लावून जाम नट सोडायचा नाही, त्याला टॉमी आहे. पाइप लावला तर जर्मन असो की जालंधरचा, आतला दाता जातोच.

कॉम्बिनेशन पाने मात्र टापरियाचे घ्या आणि निवांत रहा. नाशिकचा कारखाना १९६९ पासून आहे, सुरुवातीला स्वीडिश कंपनीचं तांत्रिक सहकार्य होतं. माझा बारा-तेराचा पाना झिजून तोंड फाकलं की नवा आणतो, सांगलीच्या गणपती पेठेतसुद्धा मिळेल.

वॉरंटीचं सांगतो. अमेरिकेत स्नॅप-ऑनची गाडी दर आठवड्याला गॅरेजच्या दारात येते, मोडकं द्या, नवं घ्या. किमतीत त्या गाडीचाही पैसा धरलेला असतो. आपल्या दारात ती येत नाही. पैसे मात्र आपण भरायचे.

क्यूसी_कुपवाड

मी मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, गॅरेजवाला नाही. दोन गोष्टी मापाच्या.

पाना नटापेक्षा कडक हवा, पण इतका नको की ठिसूळ होईल. चांगला पाना रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर चाळिशीच्या वर असतो. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हा स्टीलच्या जातीचा ठसा कोणीही मारतं, त्यावर जाऊ नका. उष्णता प्रक्रिया नीट झाली नसेल तर स्टील कितीही चांगलं असो, तोंड फाकणार. दुकानात कडकपणा मोजता येत नाही, पण एक करता येतं. सतराच्या डोक्याचा नवा कोरा बोल्ट खिशात घेऊन जा. पाना त्यावर घाला आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. जेवढा खुळखुळ तेवढा नट गोल व्हायचा धोका. एकाच ब्रँडचे चार पाने घालून बघा, चारही सारखेच बसले तर माल चांगला. महाग ब्रँडमध्ये खरा फरक इथं दिसतो, प्रत्येक नग सारखा. देशीत एखादा नग जर्मनच्या तोडीचा निघतो आणि शेजारचा सैल. काउंटरवर निवडून घेतलं तर तुम्ही अर्धी लढाई तिथंच जिंकता. मुलामाही बघा. तोंडाच्या कडेला फुगा किंवा पोपडा असेल तर परत करा, तो पुढे सुटतो आणि तळहात कापतो.

आणखी एक, जालंधर-लुधियानाचे कारखाने परदेशी नावांनी भरपूर माल बाहेर पाठवतात. तेव्हा ‘इम्पोर्टेड’ या शब्दाला भुलू नका. वडिलांच्या गेडोर इंडियाच्या पान्यांवर नावही जर्मन आहे, तरी पाने इथलेच. ते विकू नका मात्र.

@घाटरस्ता, वॉरंटीबद्दल थोडं असहमत. डीलर धड असेल तर कुरिअरनं बदलून मिळतं. वेळ लागतो, पण मिळतं.

घाटरस्ता, सातारा

मिळत असेल. गाडी लिफ्टवर खोलून ठेवलेली आणि गिऱ्हाईक खुर्ची टाकून बसलेलं असताना कुरिअरची वाट कोण बघणार? वॉरंटी कागदावर असू द्या, पैसे तिच्यासाठी मोजू नका एवढंच.

आरएक्सवेडा

चारचाकीचं मला कळत नाही, पण स्क्रू ड्रायव्हरवर बोलतो. जुन्या जपानी घडणीच्या बाइकवर, माझ्या आरएक्स १०० वर तर जागोजागी, जे चौफुलीचे स्क्रू असतात ते साधे फिलिप्स नसतात. ते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचे. दिसायला सारखेच, पण फिलिप्सचा ड्रायव्हर त्यात तळापर्यंत बसत नाही, जोर दिला की वर चढतो आणि स्क्रूचं डोकं खातो. मग छिन्नी-हातोडी. बऱ्याच स्क्रूंच्या डोक्यावर बारीक ठिपका असतो, ती खूण. जपानच्या व्हेसलचा ड्रायव्हर घेतल्यापासून कार्ब्युरेटरचा एकही स्क्रू खाल्ला नाही. आणि तो काही सहापट महाग नाही. वेराचा भारी सेट घेण्याआधी हा एक घ्या.

गावभाग_सांगली

आमचं गॅरेज गावभागात. २०१९ च्या पुरात सगळे पाने कृष्णेच्या पाण्यात होते. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तर आत बोटभर गाळ. धुऊन डिझेलमध्ये बुडवून ठेवले. साधे पाने, देशी काय नि तैवानी काय, पुसले आणि कामाला लागले. जिथं मुलामा आधीच सुटला होता तिथं तेवढे खड्डे पडले. गेले ते रॅचेट आणि टॉर्क रेंच, ज्यांच्या पोटात स्प्रिंग आणि दाते आहेत ते. एक रॅचेट खोलून, गाळ काढून, ग्रीस भरून परत चालू झाला कारण त्याचा दुरुस्ती किट सुटा मिळाला. म्हणून रॅचेट घेताना विचारा, किट मिळतो का? उत्तर नाही आलं तर दुसरा बघा.

आणि एअर गन (हवेच्या दाबावर नट फिरवणारी) वापरणार असाल तर काळ्या इम्पॅक्ट गोट्या वेगळ्या घ्या. चकचकीत क्रोमची गोटी गनवर लावायची नाही. फुटली तर तुकडा डोळ्यात जातो. यात पैसे वाचवू नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना भावाला सगळं वाचून दाखवलं, बाबाही ऐकत होते. गेडोरवाल्या मुद्द्यावर बाबा जरा हिरमुसले, मग म्हणाले, “जर्मनांनी शिकवलं असंल, केलं तर आमच्याच पोरांनी.”

भावाचं म्हणणं असं, की स्कोडा-फोक्सवॅगनच्या ॲक्सलला जे बारा टोकांचे ट्रिपल स्क्वेअर बोल्ट येतात, त्याच्या बिट्स तो हलक्या घेणार नाही. बिट आत मोडली की बोल्ट ड्रिल करून काढावा लागतो आणि गिऱ्हाईक दिवसभर गाडीविना. हे मला पटलं. रॅचेट आणि आठ ते सतराच्या पातळ गोट्या जपानी, निपेक्सची एक पकड, व्हेसलचा ड्रायव्हर, ट्रिपल स्क्वेअर बिट्स जर्मन. बाकी पाने देशी, मी स्वतः बोल्ट खिशात घालून जाणार आहे. इम्पॅक्ट गोट्या तैवानच्या. हिशेब केला तर कोटेशनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसतंय आणि स्कॅनरला पैसे उरतात. बीएस-सहाच्या (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाड्या स्कॅनरशिवाय हातात घेता येत नाहीत, हे भावानंही कबूल केलं.

आता राहिला टॉर्क रेंच. तो भारी घ्यावा की देशी चालेल? ऑनलाइन एक जर्मन वापरलेला निम्म्या किमतीत दिसतोय.

क्यूसी_कुपवाड

वापरलेला नको. आधीच्या मालकानं त्यानं नट सोडले असतील, खाली पाडला असेल, स्प्रिंग ताणलेली ठेवून वर्षभर कपाटात टाकला असेल, तुम्हाला कळणार नाही. क्लिक टाइपला (ठरलेला जोर झाला की ‘कट्’ वाजतो तो) टॉर्क रेंचच्या आयएसओ ६७८९ मानकाप्रमाणे दहा न्यूटन-मीटरच्या (आवळण्याच्या जोराचं माप) वर चार टक्के वर-खाली इतकी चूक चालते. हे पाळणारा नवा रेंच प्रमाणपत्रासह घ्या, ब्रँड मधला असला तरी चालेल. वर्षातून एकदा किंवा पाच हजार वापरांनंतर, जे आधी होईल तेव्हा, कॅलिब्रेशन (माप तपासून जुळवणं) करून घ्या. कोल्हापूरला फौंड्री-मशीनशॉपमुळे लॅब आहेत, मुंबईला पाठवायची गरज नाही. काम झालं की आकडा सर्वात खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, शून्याच्याही खाली सैल करायचा नाही.

घाटरस्ता, सातारा

रेंज बघून घ्या. लहान गाड्यांच्या चाकाच्या नटांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, कंपनीगणिक बदलतं, मॅन्युअलमध्ये बघायचं. ४० ते २०० चा एक अर्धा इंची रेंच घ्या. त्यानं स्पार्क प्लग आवळू नका, त्याला पुढे जमेल तेव्हा छोटा वेगळा. आणि तो रेंच भावाच्या कपाटात कुलपात. हेल्परच्या हाती लागला की त्याची टॉमी झालीच.