शब्दचर्चा : गरीब, दरिद्री आणि आबाळ

करवीरकर :
करवीर तालुक्यातल्या बचत गटांसाठी एक छोटी पुस्तिका लिहितोय. विषय, जगात गरिबी कशी मोजतात. मसुद्यात सगळीकडे 'दरिद्री कुटुंब' असं लिहिलं होतं. परवा बैठकीत वाचून दाखवत होतो. भाकऱ्या थापता थापता उठून आलेली, मनगटापर्यंत पीठ लागलेली एक मावशी मध्येच म्हणाली, "दादा, आमी गरीब हाय. दळिद्री न्हवं." पुढचं पान मला वाचवेना. या दोन शब्दांत नेमका फरक काय? आणि मग 'दारिद्र्यरेषा' कशी चालते?

जुना बुधवार :
मावशींचा कान पक्का आहे. 'गरीब' मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आला. अरबीत अर्थ परका, आपल्या मुलखापासून दूर पडलेला. अशा माणसाला आधार नसतो, त्यातून 'निर्धन' हा अर्थ आला. मराठीने त्यावर आणखी माया केली : गरीब गाय, स्वभावाने गरीब. पैसा नाही, पण माणूस भला.

'दरिद्र' संस्कृत. मुळाशी 'द्रा' म्हणजे पळणे हा धातू. पोटासाठी दाही दिशा वणवण करणारा तो दरिद्र. मूळ शब्दात केवढी कणव आहे! पण बोलीत त्याचं 'दळिद्री' झालं आणि ती शिवी झाली. घर न झाडणारा दळिद्री, हात आखडणाराही दळिद्री. 'दारिद्र्य' हे नाम मात्र पुस्तकी राहिलं म्हणून वाचलं. हिंदीत 'गरीबी रेखा' म्हणतात, आपण 'दारिद्र्यरेषा'. स्थितीला दारिद्र्य म्हणा, माणसाला दरिद्री म्हणू नका.

पंचगंगाकाठ :
'अठरा विश्वे दारिद्र्य' राहिलं की. याच्या दोन फोडी सांगतात. एक, अठरा विसे म्हणजे ३६०, वर्षाचे सगळे दिवस. दुसरी, विसवा म्हणजे विसावा भाग, त्यामुळे विसांपैकी अठरा हिस्से दारिद्र्य. कुठलीही धरा, आपल्या वाक्प्रचारातच माप आहे. मला हे फार मोलाचं वाटतं.

पुस्तिकेत रेषा एकच आहे असं भासू देऊ नका. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली माणशी रोजच्या २२५० कॅलरींवरून हिशेब मांडला. जागतिक बँकेने १९९० मध्ये माणशी दिवसाला एक डॉलर धरला. २०१५ मध्ये तो १.९० झाला, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ पासून ३. पण हा डॉलर बँकेच्या दराने रुपयांत करायचा नसतो. अमेरिकेत तेवढ्या पैशात जेवढा माल येतो, तेवढा इथल्या बाजारात घ्यायला किती रुपये लागतील ते बघतात. याला 'क्रयशक्ती समानता' म्हणतात. मावशींना तांदळाच्या पिशवीवरून सांगा, लगेच कळेल.

करवीरकर :
रेषा म्हणजे काय ते रेशन कार्डावरून सांगतो, ते घराघरात आहे. पिवळं, केशरी, पांढरं. बायका उत्पन्नाचा आकडा सांगत नाहीत, "आमचं पिवळं हाय" म्हणतात. अडचण पुढची आहे. २०१० पासून संयुक्त राष्ट्रांचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक पैसा न मोजता दहा गोष्टी बघतो : पोषण, बालमृत्यू, शिक्षणाची वर्षं, मुलं शाळेत जातात का, स्वयंपाकाचं इंधन, संडास, पाणी, वीज, घर, घरातल्या वस्तू. प्रत्येक गोष्टीचं ठरलेलं वजन, म्हणजे महत्त्व, धरून एक तृतीयांश किंवा जास्त बाबतींत कमी पडलं, तर ते कुटुंब गरीब. प्रत्येक कमीला 'वंचितता' म्हणतात. हा शब्द बैठकीत कुणाच्याच तोंडात बसेना.

जुना बुधवार :
'आबाळ' घ्या! खाण्याची आबाळ, पाण्याची आबाळ. अगदी नेमकं बसतं, आणि माणसाला डाग लागत नाही.

पंचगंगाकाठ :
शब्द सुरेख, पण जपून. आबाळीत हेळसांडही येते. 'पोरांची आबाळ' म्हटलं की आईला वाटतं, बोल आपल्याला लागला. तिथे 'शाळेची आबाळ', 'औषधाची आबाळ' असं लिहा. वस्तूची होऊ द्या, लेकराची नको.

करवीरकर :
पटलं. दहाही रकाने तसे बदलतो. 'दरिद्री कुटुंब' सगळीकडून काढलं, 'दारिद्र्यरेषा' ठेवली. 'इंधनाची आबाळ' की 'चुलीची आबाळ', तेवढं मात्र मावशींनाच विचारतो.