प्रोटोटाइप एकाच मेंबरमध्ये, की सर्व्हिस प्रोग्रॅमगणिक वेगळे?

गुहागरवाला: कोकणात बसून मुंबईच्या क्लायंटची आरपीजी (आयबीएम आयवरची प्रोग्रॅमिंग भाषा) सांभाळणारे इथे बरेच आहात, म्हणून वाद उकरतोय. नव्या क्लायंटकडे सगळ्या प्रोसिजरचे प्रोटोटाइप (प्रोसिजर कशी बोलवायची, पॅरामीटर कोणते, याची घोषणा) एकाच अगडबंब कॉपी मेंबरमध्ये, म्हणजे इतर सोर्समध्ये /कॉपीने ओढायच्या तुकड्यात, आहेत. प्रत्येकाभोवती त्या प्रोसिजरच्या नावाचा /इफ डिफाइन्ड आणि /एंडइफ, म्हणजे ते नाव डिफाइन केलं असेल तरच आतलं घ्यायचं. प्रोग्रॅमने आधी हव्या त्या नावांचे /डिफाइन लिहायचे, मग /कॉपी. नसता उपद्व्याप! एका सर्व्हिस प्रोग्रॅमला (बाकी प्रोग्रॅम ज्यातल्या प्रोसिजर बोलावतात तो संच) एक मेंबर करा आणि डोक्यावर एवढंच लिहा:

/इफ डिफाइन्ड(ग्राहक_पीआर)
/ईओएफ
/एंडइफ
/डिफाइन ग्राहक_पीआर

मेंबर दुसऱ्यांदा आला की कंपायलर /ईओएफपाशी तो सोडतो आणि मूळ सोर्समध्ये पुढे जातो.

मालवणकर काका: अरे, त्या /डिफाइनच्या ओळी वाचल्या की प्रोग्रॅम काय काय बोलावतो ते कळतं. तुझ्या पद्धतीत दोन प्रोसिजर हव्यात म्हणून चाळीस आत येणार आणि कंपाइल लिस्टिंगमध्ये न वापरलेल्या नावांपुढे आरएनएफ ७०३१ (नाव वापरलेलं नाही) या संदेशाची रांग. शिवाय कुठली प्रोसिजर कुठल्या मेंबरात, हे शोधत कोण बसणार? एकच मेंबर असला की शोध एकदाच.

चिपळूणची ताई: काका, ७०३१ची सिव्हिरिटी, म्हणजे गांभीर्य, शून्य आहे. तिच्यामुळे कोणाचं कंपाइल अडलंय? तुमच्या /डिफाइनवर मात्र कोणाचाच पहारा नाही. कॉल काढला तरी ओळ तशीच राहते, म्हणजे 'वाचलं की कळतं' हे चार वर्षांत खोटं ठरतं. नावात एक अक्षर चुकलं तर त्या ओळीवर कंपायलर चकार शब्द काढत नाही. बोंब मारतो ती खाली कॉलपाशी, आरएनएफ ७०३० (नाव डिफाइन्ड नाही) म्हणून. आणि गिटमध्ये दोघांनी एकाच वेळी त्या मेंबरला हात लावला की बसा मर्ज सोडवत.

मालवणकर काका: मग गुहागरवाल्याच्या गार्डवर, म्हणजे डोक्यावरच्या त्या चार ओळींवर, तरी कोणाचा पहारा? जुना मेंबर कॉपी करून नवा बनवला, ग्राहक_पीआर बदलायचं राहिलं. दोन्ही एका प्रोग्रॅमात आले की दुसरा गुपचूप गायब. पुन्हा तेच ७०३०.

गुहागरवाला: हे खरं आहे. म्हणून गार्डचं नाव मेंबरच्या नावावरूनच ठेवायचं, दुसरं काही नाही.

दापोलीचा नवखा: आयबीएम आय ७.१ पासून, म्हणजे २०१० पासून, प्रोटोटाइप लिहायची गरजच नाही ना? प्रोसिजर इंटरफेस (प्रोसिजरच्या आतच लिहिलेली पॅरामीटरची यादी) पुरतो.

चिपळूणची ताई: त्याच मोड्यूलमधून (एकत्र कंपाइल झालेल्या सोर्समधून) कॉल असेल तर पुरतो. दुसऱ्या आरपीजी मोड्यूलला प्रोटोटाइप लागणारच. आणि जिथे प्रोसिजर लिहिली आहे तिथेही तोच मेंबर कॉपी कर, कारण तेव्हाच कंपायलर इंटरफेसशी ताडून बघतो. नाहीतर काय होतं बघ. प्रोसिजरमध्ये पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन आकडे बसवणारा प्रकार) ९ आकडी, म्हणजे ५ बाइट. बाहेरच्या प्रोटोटाइपमध्ये ७ आकडी, ४ बाइट. पॅरामीटर रेफरन्सने (किंमत नव्हे, तिचा पत्ता) जातो, दोन्हीकडे कंपाइल स्वच्छ, बाइंडही (मोड्यूल जोडणंही) होतं. चालताना प्रोसिजर शेजारचा एक बाइट आपलाच समजून वाचते. नशीब चांगलं तर एमसीएच १२०२ (दशांश डेटात चूक) येऊन प्रोग्रॅम थांबतो. वाईट असेल तर चुकीची रक्कम मुकाट पुढे जाते. प्रोटोटाइप एक मेंबरात ठेवा की शंभर, माझ्या लेखी हा नियम आधी.

मालवणकर काका: ह्या मात्र माका मान्य आसा. पण चालू असलेला मोठा मेंबर फोडणार कसा? शेकडो प्रोग्रॅम त्याला कॉपी करतायत.

गुहागरवाला: नाव तेच ठेवायचं. आत प्रोटोटाइपऐवजी नव्या मेंबरांच्या /कॉपी ओळी. जुने /डिफाइन निरुपद्रवी पडून राहतील.

मालवणकर काका: झाली ना नेस्टेड कॉपी, कॉपीच्या आत कॉपी! एसक्यूएल असलेल्या सोर्सना आरपीजीपीपीऑप्ट (/कॉपी आधी आरपीजी कंपायलरकडून उघडून घ्यायची का, ते ठरवणारा पर्याय) *नन ठेवलं असेल तर एसक्यूएलचा प्रीकंपायलर ती घेत नाही.

गुहागरवाला: *एलव्हीएल१ द्यायचं, घेतो.

मालवणकर काका: दे की. पण प्रत्येकाची कंपाइल कमांड बदल सांभाळणाऱ्या चेंज टूलमध्ये अडकलेली असते, ती तूच बदल. आणि काही झालं तरी गणपतीच्या आधी नको, चतुर्थीला माझा फोन बंद असतो.