वकील गावात येतात, बोलतात, जातात. पुढं काय?

बांधावरून

मागच्या महिन्यात आमच्या गावात कायदेविषयक शिबिर झालं. तालुका विधी सेवा समिती आणि वकील संघ, दोघांनी मिळून घेतलं. मारुतीच्या पारासमोर मांडव, सतरंज्या, माईक. न्यायाधीश साहेब आले. मोफत विधी सहाय्य, कौटुंबिक हिंसाचार, बालविवाह, मोटार अपघात, असे चार वकील चार विषयांवर बोलले. चांगलं बोलले, आपल्या भाषेत बोलले. शेवटी विचारलं, कोणाला काही शंका? एक हात वर झाला नाही. चहा झाला, गाड्या गेल्या.

गाड्या गेल्या आणि प्रश्न निघाले. माझ्या शेजारच्या काकूचा नवरा जाऊन चार वर्षं झाली. सातबाऱ्यावर अजून त्याचंच नाव. त्यामुळं पीककर्ज नाही, विमा नाही. मी म्हटलं, काकू, एवढे वकील समोर होते, विचारलं काहून नाही? तर म्हणाली, "दीर माझ्या मागंच बसला होता. त्याच्या देखत कशी विचारू?"

ते वाक्य डोक्यातून जात नाही. गावातलं भांडण ज्याच्याशी आहे तो त्याच मांडवात बसलेला असतो. मग माईकवर कोण उठून बोलणार? माझं स्पष्ट मत आहे की वकिलांना समाजासाठी खरंच काही करायचं असेल तर भाषणं कमी करावीत. महिन्यातून एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी टेबल टाकून दोन तास बसावं आणि एकेकाचा कागद वाचून द्यावा. तुम्हाला काय वाटते?

काळा कोट

तालुका कोर्टात 22 वर्षं वकिली करतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

काकूचं दुःख मान्य. पण शिबिर कशासाठी असतं ते बघा. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, लागू झाला 1995 मध्ये. त्याच्या कलम 12 प्रमाणे कोणत्याही बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, दिव्यांगाला, कोठडीतल्या माणसालाही मिळतो. आजही दहातल्या आठ बाया मला म्हणतात, साहेब, आमच्याजवळ फी द्यायला पैसे नाहीत. म्हणजे दार उघडं आहे आणि ते कुठं आहे हेच माहीत नाही. शिबिर त्या दाराकडं बोट दाखवतं. दहा मिनिटांत फेरफार लावून देणं हे त्याचं काम नाही.

दुसरी गोष्ट. वकिलाला जाहिरात करायची, काम मागायची बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. त्याच नियमांत असंही लिहिलं आहे की गरीब-पीडिताला मोफत मदत हे वकिलाचं फार मोठं कर्तव्य आहे. मी उद्या एकटा बाजारात टेबल टाकून बसलो तर पहिला आरोप होईल, गिऱ्हाईक गोळा करतो. समितीच्या छत्राखाली गेलो की तो प्रश्न राहत नाही.

आणि शिबिराच्या दिवशी माझी कोर्टातली कामं दुसऱ्यावर टाकून यावं लागतं. पेट्रोल घरचं. ज्युनिअर पोरांचा तर दिवसच जातो. हे कोणी मोजत नाही.

सडेतोड

साहेब, तुमच्यावर राग नाही, पण आरोप उगीच होत नाही. आमच्याकडच्या शिबिरात एका वकिलानं भाषणानंतर कार्ड वाटले. माझा मावसभाऊ वाटणीच्या कामासाठी गेला. मोफतची पात्रता आहे की नाही हे त्याला एकदाही विचारलं नाही, थेट फी सांगितली. तो अनुसूचित जमातीचा आहे. सहा महिन्यांनी कळलं की अर्ज केला असता तर वकील फुकट मिळाला असता. ज्यानं मांडवात कलम 12 सांगितलं त्यानंच चेंबरमध्ये ते लपवलं. माझ्या मते शिबिरात बोलणाऱ्या वकिलानं त्या गावातली केस वर्षभर फी घेऊन लढू नये, असा नियम पाहिजे.

काळा कोट

तसं झालं असेल तर चूकच आहे, मी बाजू घेणार नाही. पण तुमचा नियम झाला तर चांगले वकील शिबिराला येणंच सोडतील. तालुक्याला आम्ही आहोत किती!

पऱ्हाटी

मले लिहाले जमत नाही तेवढं, तरी सांगतो.

माह्या बापानं 2008 मंधी पन्नास हजारासाठी दोन एकराचं खरेदीखत करून देल्लं होतं. सावकार म्हने पैसे देल्ले का वावर परत करून देतो. त्याच्याजवळ लायसन नोयतं. पैसे फेडले, वावर काई आलं नाही. आमी समजत होतो, खरेदी झाली म्हंजे सरलं. 2021 मंधी शिबिर झालं तवा एका वकिलीनबाईनं सांगतलं का 2014 चा सावकारी कायदा हाय. कर्जाच्या तारणासाठी करून घेतलेलं खरेदीखत असन त जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येते, पन व्यवहार पंधरा वर्साच्या आतला पाह्यजे. म्या घरी येऊन पेटीतून कागद काढला. दोन वर्स बाकी होते.

अर्ज मुदतीत पडला. निकाल अजून लागाचा हाय. पन भाऊ, तुमी म्हनता भाषण वाया जाते, त माह्यं नाही गेलं.

रानमाया

मी गडचिरोलीकडची. इथं सगळं वकिलानं काय करावं यावरच चाललं आहे, पण गाव कुठं आहे यात?

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) सगळ्यांना माहीत आहे. तिथं लोकांनी अभ्यासगट केला. कायद्याचा मजकूर लोकांनीच वाचला, अडलं तिथं जाणकाराला बोलावलं. वनहक्क कायदा 2006 चा. 2009 मध्ये त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी वनखातं बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती द्यायला तयार नव्हतं. गावानं धरून ठेवलं आणि 2011 मध्ये परवान्याचं पुस्तक मिळवलं. वकील गावात येऊन शिकवतो तेव्हा गाव ऐकणारं राहतं. गाव स्वतः वाचतं तेव्हा वकिलालाही तयारी करून यावं लागतं. मला वकील असा हवा, बोलावल्यावर येणारा.

काळा कोट

ताई, मेंढ्याबद्दल मला तुमच्याइतकाच आदर आहे. पण तिथं जंगल सगळ्यांचं होतं, भांडण सरकारशी होतं. काकूचं भांडण दिराशी आहे. तिचा अभ्यासगट कोण करणार, दीरच ना? शिवाय मुदत थांबत नाही. पांदण, म्हणजे शेताची वाट, कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडं सहा महिन्यांत जावं लागतं. तो कायदा 1906 चा, अजून चालतो, आणि अर्धे शेतकरी सातव्या महिन्यात माझ्याकडं येतात.

दोन डायऱ्या

मी विधी स्वयंसेवक आहे. वकील नाही, बारावी झालेली आहे. समितीनं प्रशिक्षण दिलं, ओळखपत्र दिलं.

बांधावरून दादा, तुमचा प्रश्न बरोबर आहे, उपाय चुकला. बाजारातलं टेबल दिराला दिसत नाही का? उलट तिथं तर पाच गावं बघतात, कोणाची सून वकिलाजवळ बसली. माझ्याकडं बाया येतात त्या अंगणवाडीत, दळण घेऊन जाताना, बचत गटाची बैठक सुटल्यावर. कागद ब्लाउजमध्ये घडी करून आणतात. मी फोटो काढते आणि तालुक्याच्या एका वकीलसाहेबांना पाठवते. ते रात्री आठनंतर फोन करतात. चार वर्षांत त्यांनी एकदाही टाळलं नाही. त्यांचं एकही भाषण मी ऐकलं नाही.

सगळ्यात जास्त काय येतं सांगू? हक्कसोड. बाप गेला की भाऊ बहिणीला दिवाळीला आणतो, साडी घेतो आणि रजिस्ट्रीला नेऊन अंगठा घेतो. महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित शेतीत मुलाइतकाच वाटा आहे. सोडायचा तर तिनं समजून सोडावा. पण दस्त कशाचा आहे हे तिला सही झाल्यावर कळते. हे मांडवात बोललं की पुरुष उठून जातात, मी बघितलं आहे. तरी बोलायला पाहिजे, कारण मागं बसलेली एक तरी पोरगी ऐकते. म्हणून मी शिबिर बंद करा म्हणणार नाही. शिबिरानंतर पंधरा दिवसांनी कोणी परत येते का, एवढंच विचारा.

बांधावरून

ताई, बाजाराचं तुमचं पटलं. मला टेबल दिसलं, बघणारे दिसले नाहीत. सडेतोडांच्या नियमाबद्दल मन अजून ठरत नाही. वर्षभर नाही तरी, पात्रता विचारल्याची नोंद वकिलानं ठेवावी एवढं तर होऊ शकते. आणि पऱ्हाटीभाऊ, माफ करा, मी भाषणाला सरसकट वाया म्हटलं.

काकूकडं काल गेलो होतो, दीर वावरात असताना. मृत्यूचा दाखला आहे, जुना सातबारा आहे, रेशनकार्डावर तिचं नाव आहे. वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडं मी स्वतः नेऊन देतो. दिरानं हरकत घेतली तर प्रकरण मंडळ अधिकाऱ्याकडं सुनावणीला जाईल, तिथं तिच्या बाजूनं बोलणारं कोणी पाहिजे. काळा कोट साहेब, तुमचं नाव-गाव मला माहीत नाही. आर्णी रस्त्यावरून येता येत असेल तर निरोप द्या. काकू म्हणते, साहेबांना घरी नको, शाळेत बोलवा.

काळा कोट

शनिवारी कोर्टाला सुट्टी असते तो बघून येतो. मूळ कागद तिच्याचजवळ ठेवा, मला झेरॉक्स चालेल.