शब्दचर्चा : वेळेआधी आलेल्या थंडीला काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

पाऊस नुकता परतलाय. दुपारचं ऊन अजून ऑक्टोबर हीटचंच आहे, पण पहाटे पंखा बंद करून गोधडी शोधावी लागते. लगेच बातम्या सुरू झाल्या : 'राज्य गारठले', 'थंडीचा कडाका', 'थंडीची लाट', 'हुडहुडी'. हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जाताहेत आणि ते मला खटकतं. प्रत्येकाची थंडी वेगळी आहे.

गारवा हवासा असतो. माठातल्या पाण्याला, झाडाखालच्या सावलीला, चैत्रातल्या संध्याकाळीलाही गारवा असतो. गारठा तसा नाही. तो फरशीत, भिंतीत, लोखंडी कडीत उतरतो आणि ऊन वर आलं तरी लवकर निघत नाही. श्रावणातल्या झडीतही गारठा असतो, त्यासाठी पारा फार खाली यावा लागत नाही. कडाका म्हणजे पौषातली कोरडी थंडी, जिने ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. हुडहुडी हवेत नसतेच, ती माणसाला भरते.

तर आश्विन-कार्तिकात अचानक आलेली, दोन-चार दिवस राहून जाणारी ही थंडी यांपैकी कोणती? 'थंडीची चाहूल' हा प्रयोग मला फार आवडतो. चाहूल म्हणजे येणाऱ्याच्या पावलांचा आवाज, दिसण्याआधी कळलेला. पण चाहूल हळूहळू लागते. एका रात्रीत पारा उतरला तर तिला चाहूल म्हणवत नाही.

हवामानवेडा

'लाट' या शब्दापुरतं लिहितो, कारण तिला हवामान खात्याची व्याख्या आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं, आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी हवं. ६.४ पेक्षा जास्त फरक पडला तर तीव्र लाट. पारा ४ अंशांवर किंवा त्याखाली गेला तर सरासरी न बघताच लाट धरतात. किनारपट्टीसाठी १० ऐवजी १५ अंश.

आता आश्विनाचा हिशेब करा. एखाद्या गावाचं त्या आठवड्यातलं सरासरी किमान १८ असेल आणि पारा १२ वर आला, तर फरक तब्बल ६ अंशांचा. माणसं कुडकुडतात, पण १० ची अट पुरी होत नाही, म्हणून खात्याच्या लेखी ती लाट नाही. वेळेआधीची थंडी अंगाला जास्त लागते कारण अंग अजून उन्हाच्या सवयीचं असतं, आणि नेमकी तीच व्याख्येतून निसटते.

कारण साधं आहे. मोसमी वारे परतले की ढग जातात, हवा कोरडी होते, दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता उघड्या आकाशात सोडून देते. त्यातच पश्चिमी विक्षोभाने (पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-बर्फाच्या प्रणालीने) काश्मीर-हिमाचलात बर्फ पडून गेला आणि मागून उत्तरेचे वारे वाहू लागले की जळगाव-धुळे-नाशिकला आधी कळतं. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र होऊन ढग आले की पारा पुन्हा चढतो.

वऱ्हाडातून

आमच्या आजीच्या तोंडी थंडी कमी, 'हीव' जास्त. "हीव पडलं", "पोराले हीव भरलं". शब्द थेट 'हिम'वरून आलेला आहे. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव झालं, तसं हिमाचं हीव. हिवाळा आणि हिवताप त्याच्याच घरातले. शहरी बोलण्यातून हीव गेलं आणि फक्त हे दोन जोडशब्द मागे राहिले, याचं वाईट वाटतं. पण वेळेआधीच्या थंडीला हीव म्हणता येणार नाही. हीव आतून भरतं, ही वरवरची असते.

पुणेकर

क्रियापदांकडेही बघा ना. थंडी पडते, सुटते, वाढते, ओसरते, पळते आणि वाजते! 'वाजते'बद्दल दात वाजतात म्हणून, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. जुन्या मराठीत 'वारा वाजतो' असाही प्रयोग आहे. वाऱ्यासोबत येणारी थंडीही वाजते, हे मला जास्त जवळचं वाटतं. मूळ प्रश्नाला माझं उत्तर 'थंडी सुटली'. वारा सुटतो तशी, एकाएकी. 'पडली' म्हटलं की ती आता मुक्कामाला आली असं वाटतं.

निफाडकर

आमच्या तालुक्यातल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा दरवर्षी बातम्यांत असतो, तेव्हा या विषयावर बोलायलाच हवं.

शेतात लवकरच्यासाठी शब्द आहे : आगाप. आगाप पेरणी, आगाप छाटणी, आगाप द्राक्षं. उशिराच्याला मागास. कोकणात भाताला हळवं आणि गरवं म्हणतात, तसंच हे. मग 'आगाप थंडी' का नको? 'अवकाळी' मात्र म्हणू नका. अवकाळी म्हणजे ज्याचा तो काळच नाही, फाल्गुनातल्या गारपिटीसारखं. ही थंडी हंगामातलीच आहे, फक्त चार पावलं पुढे आलेली.

आणि ती सगळ्यांना सारखी नसते. ऑक्टोबर छाटणी झालेल्या द्राक्षबागेत रात्री एकदम गार झाल्या की डोळे (काडीवरचे कोंब) उशिरा फुटतात, फूट एकसारखी निघत नाही, आणि पुढची सगळी फवारणीची आणि डिपिंगची (घड औषधाच्या पाण्यात बुडवण्याची) गणितं मागेपुढे होतात. शेजारच्या हरभऱ्याला तीच थंडी मानवते. गव्हाचं तर सगळं तिच्यावरच. ती टिकली तर फुटवे (बुंध्यातून निघणारे नवे कोंब) चांगले येतात. म्हणून एकाच बांधावर एक जण "थंडी लवकर आली" म्हणून काळजीत असतो आणि दुसरा "थंडी धरली" म्हणून खुशीत.

ओटावाहून

निफाडकर दादा, 'आगाप' मनापासून आवडला. इथे सप्टेंबर सरता सरता पहिला फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, येतो आणि टोमॅटो, तुळस एका रात्रीत काळी पडतात. आईला फोनवर सांगताना मी "तुळस करपली" म्हणाले, तर तिला वाटलं उन्हाने. पण मराठीत थंडीनेही पीक करपतंच, नाही का?

दुसरी अडचण ऋतूची. इथले मराठी लोक पानगळीच्या या दिवसांना शरद म्हणतात, महिन्यांप्रमाणे ते बरोबरही आहे. पण आपल्याकडे पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. शरद म्हटलं की मला कोजागरीचं चांदणं आठवतं, उघडी झाडं नाहीत. मी तरी 'पानगळीचे दिवस' म्हणते.

वारकरी घरातला

थोडं विषयांतर. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत गावोगाव पहाटे काकडा चालतो, आणि बरेच जण त्याचा संबंध थंडीने काकडण्याशी जोडतात. काकडा म्हणजे पिळलेल्या कापडाची जाड वात, तिने ओवाळतात ती काकड आरती. काकडणं वेगळं. पण या दिवसांत पहाटे देवळात जाणारा दोन्ही अनुभवतो, त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे.

मूळ प्रश्न विचारणारी

ओटावाच्या ताई, हो, 'करपणं' दोन्हीकडे चालतं. पुणेकरांचं 'सुटली' आणि निफाडकरांचं 'आगाप' मी एकत्र घेते : "यंदा थंडी आगाप सुटली." बोलताना जिभेला अडखळत नाही, आणि लाट-कडाका हे शब्द त्यांच्या वेळेसाठी शिल्लक राहतात.

एक शंका उरली. माघ संपला तरी न जाणारी थंडी मग 'मागास' का?

निफाडकर

नाही. मागास म्हणजे जे उशिरा सुरू झालं ते. जी वेळेवर आली आणि जायचं नाव घेत नाही, ती रेंगाळलेली थंडी. दिवाळी उलटून गेली तरी आलीच नाही, तर मात्र खुशाल मागास म्हणा. तशी वर्षंही येतात, आणि तेव्हा गहूवाले रोज सकाळी पारा विचारतात.