बालकुमारांच्या भयकथेचा शेवट आशादायक असायलाच हवा का?

धागा (महाल): माझ्या नऊ वर्षांच्या भाचीने परवा एक भयकथा अर्धी वाचून पुस्तक बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवून दिले आणि विचारले, "मामा, ती मुलगी शेवटी घरी येते का, तेवढंच सांग." ती येत नाही. लहान वाचकांना लेखकाने हवे तेवढे घाबरवावे, परंतु अंधारात कोंडून निघून जाऊ नये, असे माझे मत आहे. आपल्या नागपूरच्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याचेच पाहा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी तिचे अक्राळविक्राळ रूप पाहून बापाच्या खांद्यावरची पोरे डोळे झाकतात. पण 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' अशा आरोळ्यांत तिची मिरवणूक निघते आणि शेवटी तिचे दहन होते. १८८१ पासूनच्या या प्रथेत भीतीला बाहेर जाण्याची वाट ठेवलेली आहे.

प्रतिसाद १ (धरमपेठ): असहमत. मारबत दरवर्षी जाळावी लागते, कारण इडापिडा दरवर्षी परतते, आणि हे पोरांनाही कळते. शेवटी परी अवतरली किंवा सगळे स्वप्नच होते, असे लिहिणारा लेखक आशा देत नाही, फसवतो. भोपळ्यातल्या म्हातारीला कोणी सोडवायला येत नाही. ती 'चल रे भोपळ्या टुणुक टुणुक' म्हणत स्वतःच्या युक्तीने निसटते, आणि वाघ जंगलातच राहतो.

प्रतिसाद २ (शालेय ग्रंथपाल): म्हातारीची युक्ती चालते, हाच तर फरक आहे. मुलगी शहाणपणाने वागो वा मूर्खपणाने, शेवट तोच होणार असेल, तर ती भयकथा नसून निव्वळ हताशा आहे. मात्र काय सौम्य करायचे, हे मोठी माणसे स्वतःच्या सोयीने ठरवतात. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हान्सेल आणि ग्रेटेलला जंगलात सोडायला लावणारी त्यांची सख्खी आई होती; १८४० च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. चेटकिणीची भट्टी तशीच राहिली, आणि तीत चेटकिणीला ढकलणारी ग्रेटेलही.

धागाकर्ता: भाचीला खरे ते सांगितले. थोडा वेळ गप्प राहून तिने विचारले, "पण ती दार शोधते ना?" शोधते, अगदी शेवटच्या पानापर्यंत. हा मुद्दा धरमपेठकरांच्या बाजूचा झाला, हे मान्य. पुस्तक मात्र अजून कपाटावरच आहे, आणि काल रात्री तिने दिवा मालवू दिला नाही.